दोन मॉनिटर, एकच पांढरा : कॅलिब्रेशनच्या प्रकल्प नोंदी

४ जुलै : मांडणी आणि लक्ष्य

एकाच संगणकाला दोन मॉनिटर जोडलेले आहेत आणि एकच फोटो दोन्हींवर वेगवेगळा दिसतो. काम आहे फोटो संपादन आणि छपाईला पाठवण्याआधीची तपासणी, त्यामुळे पांढरा, करडा आणि सावल्या दोन्ही पडद्यांवर जुळायलाच हव्यात.

अ मॉनिटर २७ इंची आयपीएस (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार), २५६० गुणिले १४४०, वाइड गॅमट म्हणजे रंगांचा पल्ला मोठा, डिस्प्लेपोर्टवर जोडलेला. मुख्य काम यावर. ब मॉनिटर २४ इंची आयपीएस, १९२० गुणिले १२००, गॅमट जवळजवळ एसआरजीबी या प्रमाण रंगजागेएवढा, बॅकलाइट साधा पांढरा एलईडी, एचडीएमआयवर जोडलेला. यावर थंबनेल आणि टूलच्या पट्ट्या. मोजायला फिल्टरवाला कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा रंग आणि उजळपणा मोजणारं उपकरण. सॉफ्टवेअर म्हणून डिस्प्लेकॅलची पायथन ३ वर चालणारी आवृत्ती. प्रत्यक्ष मोजमाप आणि हिशेब तिच्यामागे चालणारं आर्गिल सीएमएस करतं.

फाइलमधला रंग पडद्यावर पोचेपर्यंत चार ठिकाणी त्याला हात लागतो : चित्र दाखवणारं अ‍ॅप्लिकेशन, आयसीसी प्रोफाइल, ग्राफिक कार्डातलं लुक-अप टेबल म्हणजे एलयूटी, आणि शेवटी मॉनिटरचा स्वतःचा मेनू. रंग बिघडल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. एका थराचं काम दुसरा थरही करत असतो, किंवा दोघंही ते एकमेकांवर सोडून मोकळे होतात. म्हणून या प्रकल्पात कामाची वाटणी आधीच ठरवून घेतली आहे. उजळपणा आणि पांढरा मॉनिटरच्या मेनूत बसवायचा. करड्या छटांची उरलेली किरकोळ दुरुस्ती एलयूटीत. प्रोफाइलने फक्त वर्णन करायचं, काही बदलायचं नाही. आणि रंगांचं रूपांतर एकट्या अ‍ॅप्लिकेशनने करायचं.

कॅलिब्रेशन आणि प्रोफायलिंग हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण कामं वेगळी आहेत. कॅलिब्रेशन मॉनिटरचं वागणं बदलतं. प्रोफाइल तो जसा वागतो तसा लिहून ठेवतं. त्यामुळे प्रोफाइल बनल्यावर मेनूतला कॉन्ट्रास्ट, गेन (लाल, हिरवा, निळा यांची मात्रा) किंवा कलर मोड हलवला की ते प्रोफाइल दुसऱ्याच मॉनिटरचं होऊन बसतं.

लक्ष्य : पांढरा डी ६५, म्हणजे दिवसाच्या उजेडाचा प्रमाण पांढरा; रंगाची जागा सांगणाऱ्या दोन आकड्यांत एक्स ०.३१२७, वाय ०.३२९०. गॅमा, म्हणजे सिग्नल वाढतो तसा उजळपणा कोणत्या वक्राने चढतो ते, २.२. एसआरजीबीचा वक्र अगदी गडद टोकाला सरळ रेषेत जातो आणि पुढे २.४ च्या घातांकाने चढतो, पण त्याची एकूण चाल २.२ च्या जवळचीच. रंगव्यवस्थापन करणारं अ‍ॅप्लिकेशन मॉनिटरचा खरा वक्र प्रोफाइलमधून वाचून घेतं, त्यामुळे या दोहोंतलं काहीही निवडलं तरी त्यात फोटो सारखाच दिसतो. पॅनेल मुळात २.२ च्या आसपास चालतं. ते तसंच राहू दिलं की एलयूटीला ओढाताण कमी करावी लागते. उजळपणाचा आकडा उद्या, खोलीतला उजेड मोजल्यावर.

५ जुलै : खोलीतला उजेड आणि १२० निट

पडदा किती उजळ ठेवायचा हे कागद ठरवतो. छापील प्रत ज्या दिव्याखाली धरून पाहणार तिथले लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजायचे, त्याला कागदाच्या परावर्तनाने गुणायचं आणि π (पाय) ने भागायचं. उत्तर निटमध्ये येतं, म्हणजे कँडेला प्रति चौरस मीटर. चांगल्या पांढऱ्या कागदाचं परावर्तन ०.८८ धरलं. तपासणीच्या दिव्याखाली ४३० लक्स आले. ४३० गुणिले ०.८८ भागिले ३.१४ म्हणजे १२० निट. आयएसओ ३६६४ मधल्या पी२ स्थितीत, म्हणजे ५०० लक्सखाली, हाच कागद १४० निटच्या आसपास जातो.

‘प्रिंट काळपट येते’ या तक्रारीत प्रिंटरचा दोष क्वचितच निघतो. पडदा २५० निटवर आणि कागद १०० निटवर असेल तर फोटो पडद्यावर बघून गडद केला जातो आणि कागदावर तो बुडतो. आधी हा हिशेब करावा, मग प्रिंटरच्या सेटिंगला हात लावावा.

पडद्यावर थेट उजेड पडू नये म्हणून खोलीतला दिवा मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. भिंत फिकट करडी आहे, हे सोयीचं. पडद्याच्या पृष्ठभागावर ४० लक्स मोजले. एसआरजीबीचं १९९९ चं मूळ मानक, आयईसी ६१९६६-२-१, खोली ६४ लक्स आणि पडदा ८० निट धरून लिहिलेलं आहे. आपला पडदा त्याहून उजळ आणि खोली थोडी अंधारी आहे, चालेल. खिडकीचा उजेड मात्र चालत नाही, कारण तो दिवसभरात नुसता कमीजास्त होत नाही, त्याचा रंगही बदलतो. खिडकीचा पडदा ओढूनच काम.

६ जुलै : मेनूची साफसफाई आणि ब चा फिका काळा

मोजण्याआधी आपोआप ढवळाढवळ करणारं सगळं बंद केलं. मॉनिटरमध्ये : डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, उजेडाचा सेन्सर, सावल्या उजळ करणारा ब्लॅक इक्वलायझर, शार्पनेसची जादा मात्रा. विंडोजमध्ये : नाइट लाइट, एचडीआर, स्क्रीन सेव्हर, पडदा आपोआप झोपवणारी वेळ. लॅपटॉपवर हे करायचं असेल तर ग्राफिक ड्रायव्हरमधली वीज वाचवणारी सोयही शोधून बंद करावी लागते. ती चित्र बघून बॅकलाइट हलवते. मग गडद ठिपका मोजताना एक उजळपणा आणि फिका मोजताना दुसरा, असं होऊन सगळा वक्रच खोटा येतो.

दोन्ही मॉनिटर कस्टम किंवा यूजर कलर मोडवर, आतला गॅमा २.२, कॉन्ट्रास्ट कारखान्याच्या आकड्यावर. कॉन्ट्रास्ट वाढवायच्या फंदात पडायचं नाही. २५३, २५४ आणि २५५ या तीन पातळ्यांचे चौकोन शेजारी ठेवून पाहिले. तिन्ही वेगळे ओळखू येतात तोवर पांढरा कापला जात नाहीये. एलसीडीत ब्राइटनेस बॅकलाइट हलवतो आणि कॉन्ट्रास्ट सिग्नल ताणतो, त्यामुळे उजळपणा हवा असेल तर तो ब्राइटनेसमधूनच घ्यायचा.

अर्धा तास तापू दिल्यावर पहिली मोजणी. अ : पांढरा २४३ निट, काळा ०.२४, म्हणजे कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या घरात. आयपीएसला साजेसा.

ब : पांढरा १६८ निट, काळा ०.६६. कॉन्ट्रास्ट २५५:१. आयपीएस पॅनेल इतकं वाईट नसतं. हा आकडा दिसला की कॅलिब्रेशन तिथेच थांबवायचं आणि केबलमधून जाणारा सिग्नल तपासायचा. ड्रायव्हर एचडीएमआयवर मर्यादित रेंज पाठवत होता. टीव्हीच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. मॉनिटर मात्र ० ते २५५ धरून बसलेला. हिशेब तंतोतंत लागतो : १६ भागिले २५५ याचा २.२ वा घात ०.००२३ येतो, म्हणजे २०० निटच्या पडद्यावर काळ्यात सुमारे ०.४५ निटची भर. तेवढीच जादा दिसत होती. ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये आउटपुट आरजीबी, रेंज पूर्ण केली. आता पांढरा २०१, काळा ०.२०५, कॉन्ट्रास्ट ९८०:१.

हे तसंच ठेवून कॅलिब्रेशन केलं असतं तर सॉफ्टवेअरने निमूटपणे त्या फिक्या काळ्यावर वक्र बसवला असता, प्रोफाइल ‘यशस्वी’ म्हणून सांगितलं असतं आणि सावल्या कायमच्या धुरकट राहिल्या असत्या. त्याच पॅनेलमध्ये रंगाचा फॉरमॅटही बघून घ्यावा. वायसीबीसीआर ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी करून पाठवणारा फॉरमॅट) असेल तर करड्यावरची लाल अक्षरं कडेला पसरतात. ते कॅलिब्रेशनने सुटत नाही.

८ जुलै : कलरीमीटरला बॅकलाइट सांगणं

फिल्टरवाला कलरीमीटर प्रकाशाचा वर्णपट बघत नाही. तीन फिल्टरमागून तीन आकडे घेतो आणि त्यावरून माणसाच्या डोळ्याचं, म्हणजे रंगमोजणीच्या सीआयई १९३१ मानकातल्या प्रमाण निरीक्षकाचं, उत्तर काय आलं असतं ते सांगतो. फिल्टर त्या निरीक्षकाशी अगदी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून समोरचा बॅकलाइट कोणत्या जातीचा आहे ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, मग ते त्या वर्णपटापुरती दुरुस्ती करतं.

दुरुस्तीच्या फाइली दोन प्रकारच्या. सीसीएसएसमध्ये त्या जातीच्या पडद्याचा वर्णपट असतो; उपकरणाच्या फिल्टरची माहिती आतच साठवलेली असेल तर ती एका उपकरणावरून दुसऱ्यावर चालते. सीसीएमएक्स हा विशिष्ट उपकरण आणि विशिष्ट मॉनिटर यांच्या जोडीचा मॅट्रिक्स, म्हणजे दुरुस्तीच्या आकड्यांचा तक्ता, असतो. दुसऱ्या कुणाच्या उपकरणावरून बनवलेला सीसीएमएक्स वापरण्यापेक्षा योग्य जातीचं सीसीएसएस बरं.

ब साठी साधा पांढरा एलईडी निवडला : ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचं शिखर आणि पुढे पिवळ्या फॉस्फरचा रुंद डोंगर. अ च्या वाइड गॅमटमागे पीएफएस फॉस्फर आहे, ज्याला केएसएफही म्हणतात. त्याच्या लाल भागात ६३१ नॅनोमीटरजवळ अरुंद, टोकदार शिखरं असतात. साध्या एलईडीची दुरुस्ती लावून अ मोजला, मग पीएफएसची लावून मोजला. पडद्यावर काहीही बदललेलं नसताना पांढऱ्याच्या एक्समध्ये ०.००४ पेक्षा जास्त फरक आला. सलग करड्यावर एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. चुकीची दुरुस्ती निवडली तर हा फरक कॅलिब्रेशन इमानेइतबारे पडद्यात उतरवतं, आणि पडताळणीतही तो सापडत नाही, कारण पडताळणी त्याच चुकलेल्या नजरेने होते.

उपकरण ठेवण्याबद्दल. पडदा किंचित मागे कलवला, म्हणजे कलरीमीटर स्वतःच्या वजनाने टेकतो. दाबून धरायचा नाही. आयपीएसवर दाब पडला की तिथे उजळ डाग येतो आणि काळ्याची मोजणी वाढून येते. पॅड आणि पडदा यांच्यात फट राहिली तर खोलीतला उजेड आत शिरतो. काळ्याच्या मोजणीवर दिवा लावून आणि मालवून पाहिलं. आकडा हलला नाही, म्हणजे बसणी ठीक आहे. भिंग पुसायला कोरडं मऊ कापड, बाकी काही नाही.

९ जुलै : पांढरा, मॉनिटरच्या मेनूतून

अ तापल्यावर, जसा आहे तसा : एक्स ०.३०४५, वाय ०.३१६०. सुमारे ७१०० केल्विन, निळसर आणि जरा गुलाबी झाक. ब : एक्स ०.३१८०, वाय ०.३४२०. सुमारे ६१५० केल्विन आणि स्पष्ट हिरवट. नुसत्या केल्विनवर विसंबू नये ते यासाठीच. केल्विन निळसर-पिवळसर या दिशेची खबर देतो, हिरवट-गुलाबी या दिशेची देत नाही. मेनूत ‘६५००’ लिहिलेला पर्याय निवडला तरी पांढरा हिरवा असू शकतो. एक्स आणि वाय दोन्ही बघायचे.

गेन बसवताना नियम एक : तीनपैकी जो रंग सर्वांत कमजोर आहे तो १०० वर ठेवायचा आणि बाकीचे खाली आणायचे. सगळेच खाली आणले तर उजळपणा फुकट जातो आणि काळा तिथेच राहत असल्याने कॉन्ट्रास्ट घटतो.

अ वर फक्त निळा जास्त होता. तो १०० वरून ९६ वर आणला. लाल आणि हिरवा १०० वरच. निळ्याची एक पायरी म्हणजे वायमध्ये जवळजवळ ०.००३, त्यामुळे याहून बारीक बसवणं मेनूतून जमत नाही. एक्स ०.३१२६, वाय ०.३२८७ आले, पुरेसं आहे. निळ्याचा उजळपणातला वाटा मुळात लहान, म्हणून कॉन्ट्रास्टला धक्का लागला नाही. ब्राइटनेस ३१ वर १२० निट, काळा ०.१२.

ब वर निळा कमजोर. तो १००, लाल ९६, हिरवा ९५. हिरवा कापला की उजळपणा चांगलाच खाली येतो. ब चा कॉन्ट्रास्ट ९८० वरून ८८०:१ वर आला. इथे पर्याय नाही.

हे सगळं एलयूटीवर सोपवून मोकळं होता येतं आणि पुष्कळ जण तसंच करतात. मग काय होतं ते ब वर मुद्दाम करून पाहिलं. गेन तिन्ही १०० वर परत नेले आणि सगळी दुरुस्ती एलयूटीला करू दिली. ८ बिटच्या टेबलात हिरव्याच्या २५६ पायऱ्या २४१ पर्यंतच्या जागेत कोंबाव्या लागतात, म्हणजे चौदा पायऱ्या शेजारच्या पायरीवर जाऊन बसतात. लालच्या वेगळ्या ठिकाणी. करड्याच्या संथ उतारावर एका ठिकाणी हिरवा अडखळतो, दुसऱ्या ठिकाणी लाल, आणि मधे फिकट गुलाबी व हिरवट पट्टे उमटतात. संध्याकाळच्या आकाशात ते आधी दिसतात. काही ग्राफिक कार्डं डिदरिंग (शेजारच्या छटांची बारीक मिसळ) करून हे झाकतात, काही करत नाहीत. मॉनिटरच्या आतला हिशेब सहसा ८ पेक्षा जास्त बिटांत होतो, म्हणून पांढरा तिथेच बसवायचा. गेन पूर्ववत लाल ९६, हिरवा ९५, निळा १०० वर आणले.

११ जुलै : एलयूटी आणि प्रोफाइल

दोन्ही मॉनिटर अर्धा तासापेक्षा जास्त चालू. एलईडी तापतो तसा मंदावतो. अ सुरू केल्यावर १२७ निटवर होता आणि तापून १२० वर स्थिरावला. थंड पडद्यावर मोजायला सुरुवात केली तर पहिले आणि शेवटचे ठिपके दोन वेगळ्या उजळपणांत मोजले जातात.

डिस्प्लेकॅलमध्ये : डिस्प्लेचा प्रकार एलसीडी, दुरुस्तीची फाइल ८ जुलैला निवडलेली, पांढरा एक्स-वाय देऊन, उजळपणा ‘जसा मोजला तसा’, गॅमा २.२, कॅलिब्रेशनचा वेग मध्यम. उजळपणाचा आकडा इथे दिलेला नाही. तो मेनूत बसलेला आहे, आणि इथे १२० लिहिलं तर सॉफ्टवेअर अर्ध्या निटसाठीही एलयूटीत पांढरा खाली ओढतं.

काळ्याच्या रंगाची दुरुस्ती शून्य. आयपीएसचा काळा बहुधा किंचित निळसर किंवा जांभळट असतो. तो तटस्थ करायचा तर इतर दोन रंग वर उचलावे लागतात, म्हणजे काळा उजळतो. झाक बरी, फिका काळा नको.

प्रोफाइलसाठी १७५ नमुने मोजले. प्रकाराबद्दल दोन शब्द. मॅट्रिक्स आणि एकच वक्र असलेलं प्रोफाइल लहान आणि साधं, तिन्ही रंगांना एकच वक्र लावत असल्याने करड्यात रंगीत पट्टे आणत नाही, आणि सगळी अ‍ॅप्लिकेशनं ते नीट वाचतात. एक्सवायझेड एलयूटी प्रकारचं प्रोफाइल पॅनेलचा विक्षिप्तपणा जास्त बारकाईने पकडतं, पण काही प्रोग्रॅम ते नीट हाताळत नाहीत. आयपीएस बऱ्यापैकी सरळ वागतं, म्हणून दोन्हींसाठी मॅट्रिक्स आणि एक वक्र, सोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, म्हणजे सावल्या कापल्या जाऊ नयेत म्हणून काळ्याची जुळवणी. तिरकस वागणाऱ्या पॅनेलवर हाच निर्णय उलटा लागेल.

फाइलच्या नावात मॉनिटर, तारीख, पांढरा, निट आणि गॅमा. सहा महिन्यांनी ‘नवीन प्रोफाइल २’ या नावावरून काही कळत नाही.

१२ जुलै : पडताळणी

प्रोफाइल बनवताना न वापरलेले नमुने घेऊन तपासलं. अ : डेल्टा ई २००० (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगातला फरक, कमी तितका बरा) सरासरी ०.५, सर्वांत जास्त १.४, गर्द निळ्यात. ब : सरासरी ०.७, सर्वांत जास्त १.९. करड्यांच्या रांगेत दोन्ही १ च्या आत, आणि माझ्या मते हाच आकडा महत्त्वाचा. गर्द निळ्यातला दीडचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, त्वचेच्या सावलीतली हिरवट झाक लगेच येते.

डिस्प्लेकॅलमध्ये पडताळणी दोन प्रकारे होते आणि अहवाल वाचताना घोटाळा व्हायचा संभव असतो. मॉनिटर स्वतःच्या प्रोफाइलप्रमाणे वागतो का, हा एक प्रश्न. प्रोफाइलमधून रूपांतर करून तो एसआरजीबी नीट दाखवतो का, हा दुसरा. पहिल्यात उत्तम गुण मिळवणारा पण लहान गॅमटचा मॉनिटर दुसऱ्यात नापास होऊ शकतो, कारण जो हिरवा त्याच्याकडे नाहीच तो दाखवणार कुठून. ब दुसऱ्या परीक्षेत हिरव्या आणि निळसर-हिरव्या नमुन्यांत थोडा कमी पडतो; गॅमटच्या कडेचा तो भाग प्रोफाइलने भरून निघत नाही.

१४ जुलै : आकडे जुळले, डोळा नाही

दोन्ही पडद्यांवर मोजलेला पांढरा ०.००१ च्या आत सारखा. तरी शेजारी-शेजारी पाहिलं की अ किंचित पिवळट-हिरवट आणि ब जरा गुलाबीकडे. कलरीमीटर फिरवून पुन्हा मोजला, आकडे तेच.

इथे उपकरणाला दोष नाही. एक्स आणि वाय हे १९३१ च्या सरासरी निरीक्षकाचे आकडे आहेत, २ अंशांच्या छोट्या वर्तुळाकडे बघणाऱ्याचे. त्या निरीक्षकाच्या निळ्या भागातल्या त्रुटी पुढे लक्षात आल्या आणि सुधारणाही सुचवल्या गेल्या, पण सगळा उद्योग १९३१ वरच उभा आहे. वर्णपट सारखे असतील तर ही त्रुटी दोन्हीकडे सारखीच पडते आणि जाणवत नाही. अ ची लाल शिखरं टोकदार, ब चा डोंगर रुंद. दोन वेगळे वर्णपट एकाच आकड्यावर आणले की खऱ्या डोळ्याला ते वेगळे दिसू शकतात. त्यात माणसागणिक फरक. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं होतं, दृष्टिपटलाच्या मध्यावरचं रंगद्रव्य कुणात कमी तर कुणात जास्त असतं. दोन वेगळ्या वयांच्या माणसांना ही जोडी दाखवली तर फरकाची दिशा एक आणि प्रमाण वेगळं, असं होऊ शकतं.

उपाय डोळ्यानेच करायचा, पण एकाच पडद्यावर आणि एकदाच. अ मुख्य कामाचा, तो डी ६५ वरच राहील. ब ला अ च्या पांढऱ्याकडे आणायचं. दोन्हींवर पूर्ण पडदाभर सलग फिकट करडा लावला, कारण भगभगीत पांढऱ्यापेक्षा त्यावर झाक लवकर कळते. डिस्प्लेकॅलमधली व्हाइट पॉइंट डोळ्याने बसवायची खिडकी ब वर उघडली. खोली नेहमीच्या उजेडात, दोन-तीन मिनिटं नजर बसू दिली, मग बारीक हालवत जुळवलं. एकाच ठिकाणी टक लावून बघायचं नाही, नजर थकते आणि थकलेल्या नजरेला काहीही पांढरं वाटतं. जुळलं की दूर बघायचं, परत यायचं, पुन्हा तपासायचं.

ब चा जुळलेला बिंदू मोजला : एक्स ०.३१४२, वाय ०.३३२५. आता हेच ब चं लक्ष्य. त्यासाठी गेन लाल ९७, हिरवा ९६, निळा १००. हा बिंदू ब च्या मूळ पांढऱ्याच्या जरा जवळ असल्याने कॉन्ट्रास्टही थोडा परत मिळाला, ९०५:१. एलयूटी आणि प्रोफाइल नव्याने बनवलं. अहवालात ब चा पांढरा डी ६५ पासून ढळलेला दिसेल. तो जाणूनबुजून तसा आहे आणि फाइलच्या नावात लिहिलेला आहे.

जोडीने वापरायचे मॉनिटर विकत घेतानाच एका मॉडेलचे घेतले तर हा सगळा खटाटोप वाचतो. वेगळे असतील तर निदान बॅकलाइटची जात एक असावी.

१६ जुलै : विंडोज आणि अ‍ॅप्लिकेशन

दोन्ही प्रोफाइलं आपापल्या पडद्याला जोडली. अदलाबदल झाली आहे का ते दोन मिनिटांत तपासून घ्यावं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज मॉनिटरची ओळख विसरू शकतं.

एलयूटी भरणारा एकच असावा. विंडोज स्वतः भरू शकतं, डिस्प्लेकॅलचा लोडर भरतो, मॉनिटरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर तेही भरतं. संगणक झोपेतून उठल्यावर किंवा एखादा गेम बंद केल्यावर पडद्याचा रंग एकदम उडी मारतो तो यांच्या झटापटीमुळे. डिस्प्लेकॅलचा लोडर ठेवला, बाकीचे बंद. झोपेतून उठवून पाहिलं : क्षणभर मूळ रंग, मग दुरुस्त. हे अपेक्षित आहे.

आता वाइड गॅमटची नेहमीची तक्रार. अ वर डेस्कटॉपची चिन्हं आणि काही फोटो दाखवणारे प्रोग्रॅम भडक दिसतात. नेहमीच्या मोडमध्ये विंडोजचा डेस्कटॉप प्रोफाइल वापरत नाही. फाइलमधला २५५ चा लाल थेट पॅनेलला जातो. एसआरजीबीत त्या लालची जागा एक्स ०.६४० वर आहे, अ च्या पॅनेलचा लाल ०.६८० जवळ. प्रोफाइल चांगलं असण्यानसण्याने यात काही फरक पडत नाही, कारण ते इथे कुणी वाचतच नाही. फोटोचं काम रंगव्यवस्थापन करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच करायचं.

मॉनिटरच्या मेनूतला एसआरजीबी मोड हाही एक मार्ग आहे. तो गॅमट आतूनच आवळतो. पण त्या मोडचं प्रोफाइल वेगळं बनवावं लागतं आणि मोड बदलला की प्रोफाइलही बदलावं लागतं. मूळ मोडचं प्रोफाइल लावून पडदा एसआरजीबी मोडवर टाकला तर रंग दोनदा आवळला जातो. त्वचा राखेसारखी दिसू लागली तर आधी इथे बघावं.

संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कामाची रंगजागा एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबी. मॉनिटरचं प्रोफाइल तिथे कधीही निवडायचं नाही. निवडलं तर प्रोग्रॅम फाइल आणि पडदा एकच समजतो, रूपांतर बंद होतं, आणि या मॉनिटरचे दोष फाइलसोबत बाहेर जातात. निर्यात करताना फाइलमध्ये प्रोफाइल भरायची खूण चालू ठेवावी.

तपासणीसाठी एक फाइल ठेवली आहे : वर ० ते २५५ करड्याचा उतार, खाली त्वचेच्या चार छटा, बाजूला ० ते २० पातळ्यांचे काळे चौकोन. उतारात पट्टे दिसले तर एलयूटी, त्वचा भडक किंवा राखाडी दिसली तर प्रोफाइल किंवा मोड, काळे चौकोन एकमेकांत मिसळले किंवा सगळेच धुरकट दिसले तर सिग्नलची रेंज.

१९ जुलै : कोपरे

अ वर नऊ ठिकाणी मोजलं. मध्यापेक्षा खालचा उजवा कोपरा ११ टक्के मंद आणि थोडा उबदार. पॅनेलचा स्वभाव, कॅलिब्रेशन मध्यापुरतंच. मेनूतली युनिफॉर्मिटीची सोय चालू केली तर कोपरे जुळतात पण उजळ भाग खाली आणून, त्यामुळे कॉन्ट्रास्ट बराच घसरतो. बंद ठेवली. रंगाचा निर्णय पडद्याच्या मध्यभागी घ्यायचा, कोपऱ्यात टूलच्या पट्ट्या ठेवायच्या.

१६ ऑगस्ट : फेरतपासणी

दोन्ही तापल्यावर फक्त पांढरा आणि काळा मोजला. अ : ११८ निट, एक्स-वाय ०.००१ च्या आत. ब्राइटनेस एक पायरी वर, १२० आले. पांढऱ्याचा रंग हललेला नसेल तर एवढ्या बदलाला नवं प्रोफाइल लागत नाही. वक्र आणि गॅमट सापेक्ष असतात, बॅकलाइट थोडा वरखाली केल्याने ते बदलत नाहीत. एक्स किंवा वाय ०.००३ पेक्षा जास्त सरकला तर गेनपासून पुन्हा सुरुवात.

ब : कॉन्ट्रास्ट पुन्हा २५० च्या आसपास. ग्राफिक ड्रायव्हरचं अपडेट झालं होतं आणि त्याने एचडीएमआय मर्यादित रेंजवर परत नेलं होतं. रेंज पूर्ण केली, कॉन्ट्रास्ट ९०० वर आला, प्रोफाइल जुनंच चाललं. पडताळणीत सरासरी डेल्टा ई ०.८. ड्रायव्हर अपडेटनंतर ब ची रेंज आणि लोडरची स्थिती बघणं आता तपासणीच्या यादीत घातलं आहे. मेनूतल्या सगळ्या आकड्यांचे फोटो प्रोफाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवले : अ ब्राइटनेस ३२, गेन (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) १००, १००, ९६; ब ब्राइटनेस ४५, गेन ९७, ९६, १००.